कलेची शाळा आपल्या मुलाला झेपेल का? दहावीच्या आधी घरी करून बघायची तपासणी

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात लेकीचं कथक झालं तेव्हा ती नववीत होती. चक्करांवर टाळ्या पडल्या, मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली, आणि घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की हिला कलेच्याच शाळेत घालायचं. दहावी झाल्यावर तिला बाहेरगावच्या एका निवासी संस्थेत ठेवलं. दिवाळीला ती ट्रंक घेऊन आली ती परत गेलीच नाही. संस्था वाईट नव्हती. मी स्टेजवरची आठ मिनिटं बघून निर्णय घेतला होता आणि तिला तिथे रोजचे पाच तास काढायचे होते, एवढीच गडबड.

आता धाकटा नववीत आहे आणि त्याला नाटक करायचंय. या खेपेला आम्ही घाई केलेली नाही. काय काय बघितलं, कुणाला काय विचारलं, ते ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं लिहिते. तुमच्याकडे गाणं असेल, तबला असेल, भरतनाट्यम असेल. तपशील बदलतील, क्रम बहुतेक हाच राहील.

आधी ‘कलेची शाळा’ म्हणजे काय ते मुलासोबत बसून ठरवा

मुलांच्या डोक्यातली कलेची शाळा बहुतेक वेळा मोबाइलवरची, न्यूयॉर्कमधली असते. तिथली लाग्वार्डिया ही सरकारी शाळा आहे, प्रवेश ऑडिशन देऊन मिळतो, आणि नाच, नाटक, संगीत हे रोजच्या तासांमध्ये शिकवतात. पण गणित, विज्ञान, इतिहास तिथेही सुटत नाही. हे मुलांना मुद्दाम सांगा. आमच्या लेकीनं नंतर कबूल केलं, की तिच्या मनात निम्मी ओढ कथकची होती आणि निम्मी बीजगणितापासून सुटकेची.

आपल्या देशात या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा म्हणजे केरळ कलामंडलम. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये ती सुरू केली. तिथे आठवीपासून मुलं शाळेचे विषय आणि कथकळीसारखी कला बरोबरच शिकतात. चेन्नईचं कलाक्षेत्र १९३६ चं, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं. दोन्ही मोठी नावं आहेत आणि दोन्ही सोलापूरहून लांब. अंतरापेक्षाही भाषा, जेवण आणि एकटेपणा यांचा हिशोब आधी करा.

सोलापुरात राहून प्रत्यक्षात ज्या वाटा उरतात, त्या अशा. नेहमीची शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज आणि सोबत गुरूकडे कसून शिक्षण. अकरावी-बारावीला कला शाखा घेऊन त्यात संगीत हा विषय. राज्य मंडळात तो आहे, पण तुमच्या घराजवळच्या कॉलेजात तो खरोखर शिकवला जातो का हे ऑफिसात जाऊन विचारा, माहितीपत्रकावर जाऊ नका. तिसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. तिथून घरी अभ्यास करून दहावी-बारावी देता येते, म्हणजे दिवसाचे तास मोकळे मिळतात. ते तास मूल कशात घालवेल हे मात्र त्या मुलाला ओळखणाऱ्यालाच सांगता येईल. आणि चौथी वाट, बाहेरगावी वसतिगृह.

आता घाईचा विचार: दहावीलाच ठरवायला हवं का?

नाटकवाल्यांनो, इथे जरा थांबा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, एनएसडीला, प्रवेश घ्यायचा तर आधी पदवी लागते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटशिक्षणाच्या संस्थेतल्या अभिनयाच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, नृत्य, संगीतातलं बी.ए. करता येतं, ते बारावीनंतर. म्हणजे ज्या दारांसाठी आपण पंधराव्या वर्षी धडपडतो, ती दारं त्या वयात उघडतच नाहीत. तोवर मुलानं वाचावं, बोलावं, हौशी मंडळींच्या तालमीला जावं आणि शिक्षण चालू ठेवावं.

अतुल कुलकर्णी सोलापुरात ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेत काम करत होते. एनएसडीतून ते १९९५ मध्ये बाहेर पडले. डॉ. जब्बार पटेल सोलापुरात शिकले, पुढे एमबीबीएस होऊन दौंडला दवाखाना चालवला आणि नाटकही केलं. दोघांच्या शाळा नेहमीसारख्याच होत्या. माझ्या सासऱ्यांना ही दोन नावं सांगितल्यावर त्यांचा निम्मा विरोध मावळला, म्हणून इथे देते आहे.

शास्त्रीय नृत्य आणि संगीताचं गणित निराळं. तिथे वर्षं मोजावी लागतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बघा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. वर्षाला एक धरली तरी सात वर्षं. पाचवीत सुरू केलेलं मूल बारावीपाशी विशारद पूर्ण करतं. दहावीत पहिल्यांदा पाय टाकणाऱ्या मुलीला कलेच्या शाळेत घातलं, तर शेजारची मुलगी तिच्या पाच वर्षं पुढे असते, आणि ते पहिल्याच आठवड्यात कळतं. आमची लेक मध्यमा प्रथमपर्यंत पोचली होती, तरी रात्री फोन आला: “आई, इथे सगळ्याच माझ्यासारख्या आहेत गं.” सोलापुरात ती एकटी होती. तिथे तशा वीसजणी होत्या. हा धक्का झेपेल का, याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

तीन महिन्यांचं कॅलेंडर

सगळ्या तपासणीत मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट फुकट आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा. मुलानं आपणहून रियाज केला तर फुली. सांगितल्यावर केला तर टिंब. केला नाही तर चौकोन कोरा. बोलायचं काही नाही, ओरडायचं नाही, बक्षीसही नाही. फक्त खूण.

तीन महिने का, तर त्यात घटक चाचणी येते, एखादं लग्न येतं, आजारपण येतं आणि आपल्याकडे पाणी यायचे पंधरा-वीस दिवस येतात. चार-पाच दिवसांनी नळ येतो त्या सकाळी घरात काय रणधुमाळी असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्या सकाळी पिंपं भरून झाल्यावर जे मूल न सांगता तानपुऱ्याचं ॲप लावून खर्ज भरायला, म्हणजे खालचे सूर घोटायला बसतं, त्याच्याबद्दल पुढचं बोलू. मी माझ्यापुरतं असं धरलं, की निम्म्याहून जास्त फुल्या असतील तर बाहेरच्या शाळेचा विषय काढायचा. टिंबं जास्त असतील तर गाडी आपण ढकलतोय. वसतिगृहात ढकलायला आपण नसतो.

फुल्या कुठल्या दिवशी पडल्या तेही बघा. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांच्याच पडतात. खरं कळतं ते कार्यक्रम झाल्यानंतरच्या पंधरा दिवसांत. लेकीच्या बाबतीत तेव्हा कॅलेंडर नव्हतं, पण आठवून बघितलं तर गॅदरिंगनंतर तिचे घुंगरू महिनाभर पिशवीतच असायचे. आम्ही म्हणायचो, दमली बिचारी.

रियाजाचा दर्जाही ऐकून कळतो, त्याला संगीत यावं लागत नाही. मूल जे येतं तेच पुन्हा पुन्हा करतंय की जिथे अडतंय तिथे थांबतंय? कथकचं सांगते. चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, तिहाई (एकच बोल लागोपाठ तीनदा) घेताना शेवटचा ‘धा’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायला हवा. एका मुलीला मी बघितलं, ती हातानं ताल धरून नुसती पढंत करत होती, म्हणजे बोल तोंडानं म्हणत होती. ‘धा’ एक मात्रा आधी पडला. ती थांबली, बोटांवर मोजलं, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा आधी पडला. अकरा वेळा. बाहेर मैत्रिणी पार्क चौपाटीला जायला थांबल्या होत्या आणि हिला ते ऐकूच येत नव्हतं. माझी लेक त्या बाहेरच्या मैत्रिणींत होती.

नाटकाला असा रोजचा रियाज दिसत नाही, म्हणून तिथे वेगळं बघा. ज्या नाटकात आपल्याला भूमिका नाही, त्याच्या तालमीला मूल जातं का? शेवटचा पडदा पडल्यावर फोटो काढायला पळतं की प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, गोळा करायला थांबतं? धाकट्याला बालनाट्यात दोन वाक्यं होती. दिग्दर्शक सर म्हणाले, “पोरगं विंगेत उभं राहून सगळ्यांचेच संवाद ओठातल्या ओठात म्हणतंय की!” हे मला टाळ्यांपेक्षा मोलाचं वाटलं.

विचारायचा प्रश्न एकच, आणि तो गाडीवर

“तुला पुढे काय व्हायचंय?” असं समोर बसवून विचारलं की मूल जे आपल्याला आवडेल तेच सांगतं. क्लासहून घरी येताना, स्कूटरवर मागे बसलेलं असताना विचारा: “आज कंटाळा कशाचा आला?” ज्याला मनापासून रस असतो त्याच्या तक्रारी बारीक असतात. धाकट्यानं अख्खा विजापूर रोड मला ऐकवलं, की लाइटवाल्या दादानं स्पॉट उशिरा दिला, त्यामुळे त्याचं वाक्य अंधारात गेलं, आणि पुढच्या वेळी त्यानं दोन पावलं आधीच पुढे यायला हवं. लेकीला विचारायचे तेव्हा ती “कायच नाही” म्हणायची. कंटाळा कशाचाच नाही म्हणजे लक्षही कशात नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

गुरूंचं मत घ्या, पण आपल्या गुरूंचंच नको

क्लासच्या ताई मुलीला लहानपणापासून ओळखतात. त्यांचा जीव असतो, कधी क्लासचं नाव व्हावं ही इच्छाही असते. म्हणून एखाद्या अनोळखी जाणकाराचा एक तास मागा, मानधन द्या. “हिला पुढे नेऊ का?” असं विचारू नका, आईबापांच्या तोंडावर नाही कोण म्हणेल? विचारा, “हिची कच्ची बाजू कोणती, आणि ती सुधारायला रोज काय करावं?” मग दोन महिन्यांनी पुन्हा त्याच माणसाकडे न्या. मूल दोन महिन्यांत किती हललं हे त्या पहिल्या दिवसाच्या कौतुकापेक्षा खूप काही सांगून जातं.

इथे एक सोलापुरी गोष्ट. पूर्व भागातल्या तेलुगू घरांतली किंवा कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुलं मराठी उच्चारांवरून उगीच दबून असतात. भरतनाट्यममधली कितीतरी पदं तेलुगू आहेत. मराठी मुलींना ज्याचा अर्थ पाठ करावा लागतो तो यांना घरात कळतो. नाटकातही तीन भाषा जिभेवर असणं ही मिळकत आहे. उच्चार सहा महिन्यांत सुधारतात. परीक्षकासमोर हे मूल गप्प राहत असेल तर त्याचं कारण कला नसून संकोच आहे, हे ध्यानात ठेवा.

शरीराचं बघा

गाणाऱ्या मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान फुटतो आणि जवळपास एका सप्तकानं खाली येतो. कालपर्यंत काळी चारच्या उंच पट्टीत सहज गाणारा मुलगा अचानक घोगरा होतो. नेमक्या याच काळात ऑडिशन येतात. त्या महिन्यांत वरच्या सुरांची ओढाताण नको. मधल्या पट्टीत हलकं गाणं, ताल, स्वरज्ञान, ऐकणं हे चालू ठेवावं. या काळातल्या आवाजावरून ‘याला गळा नाही’ असं ठरवणाऱ्या परीक्षकाचं ऐकू नका.

नाचणाऱ्या मुलामुलींच्या वाढत्या वयात गुडघ्याच्या खालच्या उंचवट्यापाशी किंवा टाचेत दुखतं. आपल्या घरांत शहाबादी फरशी. ती अजिबात दबत नाही, तत्काराचा, म्हणजे पाय आपटण्याचा, सगळा मार हाडांवर येतो. वर सतरंजी टाकली तर पाय घसरतो. लेकीनं वर्षभर दुखणं लपवलं, कारण सांगितलं तर क्लास बंद होईल. म्हणून आठवड्यातून एकदा विचाराच, आणि दोन आठवडे दुखत राहिलं तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. तेल चोळून जात नाही ते.

संस्था बघायला आडदिवशी जा

वार्षिक समारंभाला जाऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी जा, दुपारी तीनला जा. आम्ही पहिल्यांदा स्नेहसंमेलनाला गेलो होतो; फुलांच्या रांगोळ्या, दिवे, सगळंच सुंदर होतं. वसतिगृहाची दुपार बघितली असती तर निम्मे प्रश्न तिथेच सुटले असते.

गेल्यावर वेळापत्रक हातात मागा आणि प्रत्यक्ष शिकवणीचे तास मोजा. ज्यांच्या नावावर संस्था चालते ते गुरू स्वतः किती शिकवतात? ते दौऱ्यावर असताना कोण शिकवतं? नाचाची जमीन लाकडी आहे का, आणि तिच्याखाली पोकळी आहे का? शाळेचे विषय कोण शिकवतं, की तेवढ्यापुरते बाहेरून शिक्षक येतात? पाय मुरगळलेल्या मुलीनं महिनाभर काय करायचं? पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं आज काय करतात? या शेवटच्या प्रश्नाला एका प्रसिद्ध विद्यार्थ्याचं नाव मिळालं तर ते उत्तर नव्हे. बाकीच्यांचं विचारा.

सुरक्षिततेबद्दल अवघडून राहू नका. गुरू-शिष्य नात्यात आज्ञाधारकपणा फार असतो, आणि त्याचा गैरफायदा घेता येतो. एकट्या मुलाची शिकवणी कुठल्या खोलीत होते, दाराला काच आहे का, रात्रीच्या तालमीनंतर मुलींना कोण सोडतं, तक्रार समिती आहे का आणि तिच्यात बाहेरचं माणूस आहे का, हे सरळ विचारा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. या प्रश्नांवर जी संस्था नाराज होते, तिचा फॉर्म भरू नका.

शक्य असेल तर आधी पंधरा दिवसांचं शिबिर करू द्या. पुण्यात शनिवार-रविवारची कार्यशाळा असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाता येतं. पहाटे पाचला उठून, डबा घेऊन चौथ्या आठवड्यालाही मूल कुरकुर न करता निघालं, तर त्याची एक मोठी फुली कॅलेंडरवर करा.

पैसे

फी सगळेच विचारतात. बाकीचं विचारत नाहीत: पोशाख, दागिने, रंगभूषा, घुंगरू किंवा वाद्याची दुरुस्ती, सादरीकरणाला लागणाऱ्या साथीदारांचं मानधन, परीक्षा फी, घरी येण्याजाण्याची भाडी. तीन वर्षांचा एकत्र आकडा कागदावर काढा आणि त्याच्या शेजारी पदवीसाठी काय उरेल तेही लिहा. धाकट्या भावंडाचं कॉलेज त्या कागदावर असलंच पाहिजे.

केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असते. एकदा मिळाली की पुढे चालू राहू शकते. सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती अठरा ते पंचवीससाठी आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. मधली वर्षं, म्हणजे नेमकी आपली, कोरडी जातात. आम्हाला पहिली कळली तेव्हा लेक पंधरा वर्षांची होती. तुमचं मूल तेरा वर्षांचं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तो अर्ज बघा.

कागद

दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्रं शाळेत वेळेत द्यावी लागतात, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. दहावीच्या वर्षी पहिलं सत्र टाळलेलं बरं.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. कलेच्या संस्थेत जायचं पक्कं असलं तरी तो अर्ज भराच. आम्ही भरला नव्हता. लेक दिवाळीत परतली तेव्हा सगळे प्रवेश संपलेले, वर्ष गेलं, आणि पुढच्या जूनला गॅप सर्टिफिकेटसाठी प्रतिज्ञापत्र करत कोर्टाच्या आवारात उन्हात उभं राहावं लागलं. ते एक वर्ष तिनं घरी कसं काढलं ते तिचं तिनं सांगावं. आज ती बी.कॉम. करते आहे आणि सोलापुरातच ताईंकडे पुन्हा जायला लागली आहे. मध्यमा पूर्ण झाली. परवा म्हणाली, आता घुंगरू बांधताना पोटात गोळा येत नाही.

नाही म्हणायची वेळ आली तर

मुलाला ‘तुझ्यात ते नाही’ असं म्हणू नका. ‘या वर्षी नाही’ म्हणा, आणि पुढे कधी विचार करणार ती तारीख सांगा. तारीख नसली तर ते नुसतं टाळणं असतं, मुलांना बरोबर कळतं. क्लास बंद करू नका. कॅलेंडर मुलाच्याच हातात द्या.

आमच्या धाकट्याला आम्ही सांगितलंय: बारावी इथेच, तोवर हौशी मंडळींची तालीम आणि आठवड्याला एक नाटक मोठ्यानं वाचायचं, मग ललित कला केंद्राची तयारी. दोन दिवस फुगून बसला होता. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या खोलीतून मोठ्यानं वाचल्याचा आवाज आला, मध्येच सासरे त्याचा ‘च’ सुधारत होते. महिनाअखेरीस कॅलेंडर बघितलं तर सत्तावीस फुल्या. त्यातले दोन दिवस तो तापानं झोपून होता. मी त्या दोन खोडल्या. त्यानं वाद घातला नाही.